हिंदू चक्रीय कालकल्पना आणि प्रलयसंकल्पना : स्वारगेट-पर्वती परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पुणे शहराच्या दक्षिण भागातील स्वारगेट हे शहरातील अत्यंत वर्दळीचे ठिकाण आहे. राज्य परिवहन महामंडळाचे बसस्थानक, शहर बससेवेची स्थानके आणि सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली भूमिगत मेट्रो यांमुळे येथे दिवसाचे सर्व प्रहर गर्दी असते. बसला झालेला विलंब, फलाटावर झालेली चोरी, वर्तमानपत्रातील एखादी अमानुष बातमी, या साऱ्यांवर सामान्य माणसाची प्रतिक्रिया पुष्कळदा एकाच वाक्यात व्यक्त होते : ‘कलियुग आहे, दुसरे काय होणार!’ अतिवृष्टीने ओढ्यानाल्यांना पूर आला की त्या घटनेचे वर्णन ‘प्रलय’ या शब्दाने केले जाते. कलियुग आणि प्रलय हे दोन शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे एक सविस्तर, गणिती आणि तात्त्विक कालविचार उभा आहे, याची जाणीव बोलणाऱ्यास क्वचितच असते.

प्रस्तुत लेखात या कालविचाराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि पुणे परिसरातील काही घटनांच्या आधारे त्याचा लोकमानसावरील परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ‘कलियुग आहे’ असे म्हणणे म्हणजे माणसाने जबाबदारीतून अंग काढून घेणे होय काय, आणि मूळ ग्रंथांना तसे अभिप्रेत होते काय, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संकल्पातील कालगणना

चक्रीय कालकल्पनेचा शोध घेण्यासाठी ग्रंथालयातच जावे लागते असे नाही. स्वारगेट परिसरातील कोणत्याही सदनिकेत सत्यनारायणाची पूजा सुरू होते तेव्हा पुरोहित यजमानाकडून संकल्प म्हणवून घेतात. या संकल्पात यजमान आपला काळ आणि आपले स्थळ सांगतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, कलियुगाचा पहिला चरण, बौद्धावतार, अशी मोठ्या एककाकडून लहान एककाकडे ही गणना येते. त्यापाठोपाठ जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर असा स्थळनिर्देश होतो आणि शेवटी शालिवाहन शकाचे संवत्सर, मास, पक्ष, तिथी व वार सांगून यजमान स्वतःचे नाव व गोत्र उच्चारतो. परार्धापासून आजच्या वारापर्यंत आणि विश्वापासून एका कुटुंबापर्यंत येणारी ही रचना म्हणजे वस्तुतः एक पत्ताच होय. ‘अनंत काळात मी नेमका कोठे उभा आहे’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

याच कल्पनेचे दुसरे लोकपरिचित रूप विठ्ठलभक्तीत आढळते. स्वारगेट स्थानकातून पंढरपूरला जाणाऱ्या भाविकांना नामदेवांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या आरतीतील अठ्ठावीस युगांचा उल्लेख मुखोद्गत असतो. ‘युगे तर चारच, मग अठ्ठावीस कशी?’ अशी शंका नवख्या माणसाला येते. संकल्पातील अठ्ठाविसाव्या महायुगाचा निर्देश ध्यानात घेतल्यास तिचे निरसन होते. वैवस्वत मन्वंतरातील सत्तावीस महायुगे संपली असून अठ्ठाविसावे चालू आहे. चालू मन्वंतराच्या आरंभापासून देव भक्तासाठी तिष्ठत आहे, असा त्या उल्लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. गणिताने दिलेली संख्या येथे भक्तीच्या भाषेत देवाच्या वाट पाहण्याचे माप झाली आहे.

युग, मन्वंतर आणि कल्प

या गणनेचे मूळ एकक चतुर्युग किंवा महायुग हे आहे. पुराणे व सूर्यसिद्धांत यांच्यानुसार त्यातील चार युगांची वर्षे पुढीलप्रमाणे आहेत.

कृतयुग : १७,२८,०००
त्रेतायुग : १२,९६,०००
द्वापरयुग : ८,६४,०००
कलियुग : ४,३२,०००
एकूण महायुग : ४३,२०,०००

या संख्यांचे परस्परप्रमाण ४ : ३ : २ : १ असे आहे. प्रत्येक युगात धर्माचा एक पाय कमी होतो, या प्रसिद्ध रूपकाशी हे प्रमाण जुळणारे आहे. युगांची नावे द्यूतातील फाशांच्या दानांवरून आली आहेत. कृत हे सर्वोत्तम दान, तर कली हे सर्वांत हलके दान होय.

अशी ७१ महायुगे मिळून एक मन्वंतर होते आणि १४ मन्वंतरे मिळून ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प होतो. १४ गुणिले ७१ म्हणजे ९९४ महायुगे होतात, तर कल्प मात्र १००० महायुगांचा मानला आहे. उरलेल्या सहा महायुगांचा हिशेब मन्वंतरांच्या संधिकाळांनी पूर्ण होतो. मन्वंतरांच्या आरंभी, मध्ये व अखेरीस मिळून १५ संधी येतात आणि प्रत्येक संधी एका कृतयुगाइतका, म्हणजे महायुगाच्या दोनपंचमांश असतो. पंधरा दोनपंचमांश म्हणजे बरोबर सहा. अशा रीतीने कल्प ४३२ कोटी वर्षांचा ठरतो. ब्रह्मदेवाची रात्रही तेवढीच असते.

मराठी पंचांगांच्या आरंभी कलियुगाची गत वर्षे देण्याची प्रथा आहे. शालिवाहन शकात ३१७९ मिळवले असता ती संख्या मिळते. उदाहरणार्थ, शके १९४७ (इ. स. २०२५-२६) च्या आरंभी कलियुगाची ५१२६ वर्षे संपली होती व ४,२६,८७४ वर्षे शिल्लक होती. चालू कल्पाच्या आरंभापासून मोजल्यास याच वेळी १,९७,२९,४९,१२६ वर्षे पूर्ण होतात. काही पंचांगांत मात्र सृष्टीची गत वर्षे १,९५,५८,८५,१२६ अशी दिलेली असतात. दोहोंतील १,७०,६४,००० वर्षांचा फरक ही मुद्रणातील चूक नव्हे. सूर्यसिद्धांतानुसार ब्रह्मदेवाला सृष्टी निर्माण करण्यास तेवढा काळ लागला, म्हणून ग्रहगती त्यानंतर सुरू झाल्या असे मानले जाते.

कालमानांचा विकास

ही मांडणी प्रारंभापासून याच स्वरूपात होती असे म्हणता येत नाही. महाभारत व मनुस्मृतीत चार युगांची वर्षे संधिकाळासह अनुक्रमे ४८००, ३६००, २४०० व १२०० अशी, म्हणजे एकूण १२,००० सांगितली आहेत. ही दिव्य वर्षे मानून व देवांचा एक दिवस म्हणजे माणसाचे एक वर्ष असे धरून पुराणांनी व सिद्धांतग्रंथांनी त्यांस ३६० ने गुणले. त्यातून ४३,२०,००० हा आकडा सिद्ध होतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्यांच्या उत्तर ध्रुवीय वसतिस्थानाविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही १२,००० वर्षे मूलतः मानवी वर्षेच असावीत, असे प्रतिपादन केले आणि जलप्रलयाच्या कथेचा संबंध हिमयुगाशी जोडला. त्यांचा ध्रुवीय सिद्धांत आज विद्वन्मान्य नाही. तथापि युगमानांकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहण्याचा तो एक लक्षणीय प्रयत्न होता.

कल्पाची कल्पना केवळ ब्राह्मणी परंपरेपुरती मर्यादित नव्हती. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या शिलालेखांत आपल्या वंशजांनी कल्पांतापर्यंत धर्माचरण करावे, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. जैन परंपरेत उत्सर्पिणी व अवसर्पिणी अशी चढती व उतरती कालचक्रे मानलेली आहेत. चक्रीय काळ ही भारतीय विचारविश्वाची सामायिक संपत्ती होती, असे यावरून दिसते.

ज्योतिषशास्त्राने या कल्पनेला गणिताची जोड दिली. सर्व ग्रहांच्या मध्यम गती पूर्णांकांत व्यक्त करता याव्यात यासाठी एका महायुगात अमुक ग्रहाच्या अमुक प्रदक्षिणा होतात, अशी मांडणी करण्यात आली. त्यासाठी सर्व मध्यम ग्रह मेषारंभी एकत्र असल्याचा एक आरंभबिंदू आवश्यक होता. तो इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीतील १७-१८ तारखेस धरण्यात आला. हाच कलियुगारंभ होय. प्रत्यक्षात त्या दिवशी ग्रह एका बिंदूत नव्हते, हे आधुनिक गणिताने दाखवून दिले आहे. हा आरंभ पाहिलेला नसून मागे गणित करून ठरवलेला आहे. आर्यभटाने कलियुगाची ३६०० वर्षे संपली तेव्हा आपले वय २३ वर्षांचे होते असे नमूद केले आहे. त्यावरून त्याचा जन्म इ. स. ४७६ मधील ठरतो. त्याने महायुगाचे चार भाग ४ : ३ : २ : १ असे न करता १०,८०,००० वर्षांचे चार समान भाग मानले व त्याबद्दल ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीका केली. परंपरेच्या आतही युगमानांविषयी मतभेद व चिकित्सा होती, हे येथे विशेषत्वाने लक्षात घ्यावे लागते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथाद्वारे ही सारी परंपरा मराठी वाचकांपुढे साधार मांडली.

प्रलयाचे प्रकार

लोकसमजुतीनुसार कलियुग संपले की जग बुडते. ग्रंथांतील मांडणी याहून भिन्न आहे. कलियुगाच्या अंती प्रलय होत नाही. शंभल ग्रामी विष्णुयशाच्या घरी कल्की अवतार होतो, अधर्माचा उच्छेद होतो आणि पुन्हा कृतयुग सुरू होते. एका कल्पात असे हजार वेळा घडते. प्रलयाचे भागवत पुराणात चार प्रकार सांगितले आहेत.

पहिला नित्य प्रलय. उत्पन्न झालेल्या वस्तूंचा क्षणोक्षणी होणारा क्षय म्हणजे नित्य प्रलय होय. दुसरा नैमित्तिक प्रलय. तो ब्रह्मदेवाचा दिवस संपताना होतो. प्रथम दीर्घ अवर्षण, नंतर सूर्यतेजाने व संवर्तक अग्नीने त्रैलोक्याचे दहन, त्यानंतर मेघवृष्टी आणि सर्वत्र पाणी, असा त्याचा क्रम वर्णिला आहे. तिसरा प्राकृतिक प्रलय. ब्रह्मदेवाचे शंभर वर्षांचे आयुष्य संपल्यावर पृथ्वी जलात, जल तेजात, तेज वायूत, वायू आकाशात, याप्रमाणे सर्व तत्त्वे मूळ प्रकृतीत लीन होतात. चौथा आत्यंतिक प्रलय म्हणजे ज्ञानाने होणारा व्यक्तीचा मोक्ष. यांपैकी एकही प्रकार कायमचा जगान्त नाही. पहिला सतत चालू आहे, दुसऱ्या व तिसऱ्यानंतर पुन्हा सृष्टी आहे आणि चौथ्यात जग संपत नसून एका जीवाचे बंधन संपते. शके १९४७ च्या गणनेनुसार नैमित्तिक प्रलयास २३४ कोटींहून अधिक वर्षे अवकाश आहे.

१९६१-६२ : पूर आणि अष्टग्रही

ग्रंथोक्त प्रलय आणि लोकमानसातील प्रलय यांतील अंतर पुण्याने १९६१-६२ या काळात तीव्रतेने अनुभवले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी शहरात ठिकठिकाणी वसाहती व पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. स्वारगेटजवळील पर्वती-सहकारनगर भागाची वाढ या पुनर्वसनाशी निगडित आहे. ‘पानशेतचा प्रलय’ हा शब्दप्रयोग आजही ऐकू येतो.

या घटनेस सात महिनेही पूर्ण झाले नव्हते, तोच ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या काळात मकर राशीत अष्टग्रहीचा योग आला. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी व केतू हे आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून जगबुडी होईल, अशी भीती देशभर पसरली. ठिकठिकाणी होमहवन व यज्ञ झाले. पंतप्रधान पंडित नेहरूंनी ही भीती हास्यास्पद ठरवली. ते दिवस आले आणि गेले. काहीही विपरीत घडले नाही.

या भीतीची चिकित्सा दोन अंगांनी करता येते. खगोलशास्त्राच्या दृष्टीने हा योग दुर्मिळ असला तरी अनाकलनीय नव्हता. गुरू व शनी सुमारे वीस वर्षांनी एकमेकांजवळ येतात व तशी युती १९६१ मध्ये झालेली होती. बुध व शुक्र सूर्यापासून फार दूर कधीच दिसत नाहीत. चंद्र प्रत्येक राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, म्हणूनच योगाचा अवधीही तेवढाच होता. पृथ्वीवरून एका दिशेस दिसणारे हे ग्रह परस्परांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर होते आणि केतू हा तर केवळ गणिती बिंदू होय. दुसरे अंग शास्त्रग्रंथांचे आहे. सिद्धांतग्रंथांत ग्रहांचे एकत्र येणे युगारंभाशी जोडलेले असल्यामुळे ‘ग्रह एकत्र आले की युग पालटते’ अशी समजूत रूढ होण्यास वाव होता. परंतु त्याच ग्रंथांनुसार १९६२ मध्ये कलियुगाची चार लाख सव्वीस हजारांहून अधिक वर्षे उरली होती. म्हणजे ही भीती विज्ञानाला जितकी अमान्य होती तितकीच परंपरेच्या गणितालाही अमान्य होती. डिसेंबर २०१२ मध्ये माया संस्कृतीच्या दिनदर्शिकेच्या नावाने जगान्ताची अफवा पसरली, तेव्हाही घरातील पंचांग उघडून पाहणे पुरेसे होते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. अष्टग्रहीची भीती ज्यांना वाटली त्यांनी आकाशाकडे पाहिले. परंतु त्याआधी खरे संकट आले ते अपूर्णावस्थेत पाणी साठवलेल्या धरणातून. ग्रहांनी काहीही केले नाही. हानी झाली ती मानवी निर्णयांमुळे.

कलियुग : सबब की कर्तव्य?

कलियुगाच्या कल्पनेचा वापर समाजव्यवहारात परस्परविरोधी दिशांनी झालेला आहे. धर्मशास्त्रातील ‘कलिवर्ज्य’ प्रकरणात पूर्वयुगांत मान्य असलेली पण कलियुगात निषिद्ध ठरलेली कृत्ये सांगितली आहेत. नियोग, समुद्रपर्यटन, विधवेचा पुनर्विवाह इत्यादींचा त्यांत समावेश होतो. एकोणिसाव्या शतकात पुनर्विवाहाचे विरोधक याचा आधार घेत असत. उलट ईश्वरचंद्र विद्यासागरांनी कलियुगासाठी पराशरस्मृती हीच प्रमाण आहे व तीत पुनर्विवाहास अनुमती आहे, असा युक्तिवाद केला. त्यांचे विचार विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले. १८७० मध्ये पुण्यात या विषयावर शंकराचार्यांसमोर जाहीर वाद झाला. त्यात निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला, तरी ‘कलियुग’ हा एकच शब्द दोन्ही पक्षांच्या हाती शस्त्र होता, ही बाब महत्त्वाची आहे. भारतरत्न डॉ. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात कलिवर्ज्यांचा सविस्तर विचार केला आहे. काळानुसार आचार बदलतात हे शास्त्रकारांनाच मान्य करावे लागले, याचा कलिवर्ज्य हा पुरावा ठरतो.

पुराणांनीही कलीची केवळ निंदा केलेली नाही. विष्णुपुराणात व्यासांच्या तोंडी कलियुगाची प्रशंसा आहे. अन्य युगांत दीर्घ तपाने मिळणारे फळ कलीत अल्प प्रयत्नाने, नामसंकीर्तनाने मिळते, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याच प्रसंगी स्त्रिया व शूद्र यांनाही धन्य म्हटले आहे. वारकरी संप्रदायाने नामाला दिलेल्या महत्त्वाशी हा विचार सुसंगत आहे.

याहून महत्त्वाचा विचार महाभारताच्या शांतिपर्वात आढळतो. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याविषयी संशय नको, राजाच काळाचे कारण होय, असे भीष्म युधिष्ठिरास सांगतात. राजा दंडनीतीचा पूर्ण अवलंब करतो तेव्हा कृतयुग असते आणि ती सर्वथा सोडतो तेव्हा कलियुग अवतरते. मनुस्मृतीनेही राजाचे निद्रिस्त असणे म्हणजे कली, जागे होणे म्हणजे द्वापर, कार्यास सिद्ध होणे म्हणजे त्रेता आणि प्रत्यक्ष कार्यरत असणे म्हणजे कृत, अशी व्याख्या केली आहे. येथे युग हे वर्षांचे माप न राहता कारभाराचे माप झाले आहे. ज्या महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाचे भीषण वर्णन करतात, त्याच महाभारतात हा विचार आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली, ही पुणेकरांच्या अभिमानाची बाब आहे.

या दृष्टीने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीची घटना विचारात घ्यावी लागते. कात्रजच्या बाजूला झालेल्या अतिवृष्टीने आंबील ओढ्यास अकस्मात पूर आला व सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत मोठी हानी झाली. शहर व जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९६१ च्या पूरग्रस्तांना ज्या परिसरात आसरा मिळाला, त्याच परिसरात अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा पाणी घरांत शिरले. यालाही लोकांनी प्रलयच म्हटले. परंतु पुराणातील प्रलय चारशे बत्तीस कोटी वर्षांच्या दिवसाअखेर येतो. तो कोणाच्या दुर्लक्षाने येत नाही व कोणाच्या दक्षतेने टळत नाही. ओढ्याच्या पात्रातील अडथळे, पूररेषेलगतची दाट वस्ती आणि अपुऱ्या पूर्वसूचना यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना प्रलय म्हणण्याने दुःखाची तीव्रता व्यक्त होते हे खरे, पण त्याच शब्दाने उत्तरदायित्वाचा प्रश्न झाकला जातो.

आधुनिक विज्ञानाशी तुलना

कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय यांतील साम्य दाखवून प्राचीनांना विज्ञान ज्ञात होते, असे प्रतिपादन अनेकदा केले जाते. ते ग्राह्य मानता येत नाही. कल्पाचा आकडा १२,०००, ३६० व १००० यांच्या गुणाकारातून आलेला आहे, तर पृथ्वीचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मापनातून. शिवाय परंपरेनुसार चालू कल्पाची १९७ कोटी वर्षेच झाली आहेत. पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी हॉईल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये आंदोलन पावणाऱ्या विश्वाचे प्रारूप मांडले. त्यास बहुसंख्य शास्त्रज्ञांची मान्यता मिळाली नाही आणि त्याचा आधार पुराणे नसून समीकरणे व निरीक्षणे हा होता. दोन विचारांत साम्य दिसणे व एकातून दुसरा निघणे यांत भेद करणे आवश्यक आहे. प्राचीन कालकल्पनेचे मोठेपण अन्यत्र आहे. मानवी आयुष्य, राजवंश, किंबहुना देवांचे आयुष्यही ज्यापुढे क्षुद्र ठरावे एवढ्या विशाल काळाची कल्पना करण्याचे धैर्य तिने दाखवले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हिंदू कालकल्पनेत जगाचा अंतिम अंत नाही. प्रलय हा दोन सृष्टींमधील विराम आहे आणि कलियुगाच्या अंती प्रलय नसून कृतयुगाचा पुनरारंभ आहे.

२. युगमाने ऐतिहासिक क्रमाने विकसित झाली असून कलियुगारंभ हा ज्योतिर्गणिताच्या सोयीसाठी निश्चित केलेला बिंदू आहे. याविषयी परंपरेतच मतभेद होते.

३. अष्टग्रहीसारख्या प्रसंगी उद्भवलेली जगान्ताची भीती विज्ञानाप्रमाणेच परंपरेच्या गणनेलाही धरून नव्हती.

४. ‘कलियुग’ ही संकल्पना बदलास विरोध करण्यासाठी व बदलाचे समर्थन करण्यासाठी, अशा दोन्ही प्रकारे वापरली गेली आहे.

५. महाभारत व मनुस्मृती यांतील राजधर्मविचारानुसार युग हे शासनकर्त्याच्या आचरणावर अवलंबून असते. लोकशाहीत शासनाची अंतिम सत्ता नागरिकांकडे असल्याने ही जबाबदारी त्यांच्यापर्यंतही पोहोचते. म्हणून ‘कलियुग आहे’ हे उद्गार विषयाचा शेवट करणारे नसून, ते कोणाच्या निद्रेमुळे आले आहे, या प्रश्नाचा प्रारंभ करणारे ठरले पाहिजेत.